तिसऱ्या ओळीतला श्वास

"मेयर, आणखी एक जहाज गेलं बघ आत!"

खलाशांचा मुकादम, सारंग इस्को, भटारखान्याच्या दारात उभा राहून बोलत होता. हातातल्या फडक्याला ग्रीस, कपाळालाही ग्रीस. तेओदुलोने परातीतल्या मुगातून खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं, "कुठलं?"

"आपण कोळसा भरला ना, त्याच देशातलं. पोटात लोखंडाची माती आहे. सकाळी आलं, नांगर टाकून जरा दम खाल्ला आणि गेलं की धक्क्याला! जावईच जणू."

"म्हणजे त्याच्यावर राग नाही?"

"कसा असेल? लोखंडाशिवाय यांच्या भट्ट्या बंद पडतील. कोळशाशिवाय चार लोक थंडीत कुडकुडतील, एवढंच. मोठ्यांचा राग बघून-सवरून येतो, बाबा. आपल्यासारखा नाही, की बायको बोलली आणि ताट भिरकावलं."

"तू ताट भिरकावलंस?"

"एकदाच. मग फरशी मीच पुसली."

तेओदुलो हसला. फिलिपिनो जहाजांवर मुख्य आचाऱ्याला मेयर म्हणायची रीत आहे. का म्हणतात ते कुणी विचारत नाही. वीस-बावीस माणसांचं ते गाव, त्यातल्या प्रत्येकाची भूक या एका माणसाच्या हातात, म्हणून म्हणत असतील. तेओदुलो माग्सिनोला तर त्याचं खरं नाव ऐकून बरेच महिने झाले होते. इथे तो सगळ्यांचा मेयर होता, आणि त्याच्या या गावाला बाहेर जायची वाटच नव्हती.

'आल्टा ब्रीझ' ऑस्ट्रेलियातून कोळसा भरून निघालं तेव्हा सगळं सुरळीत होतं. वाटेत असताना दोन सरकारांचं बिनसलं. साथ कुठून आली याची चौकशी व्हावी, असं एक जण चारचौघांत बोलला, ते दुसऱ्याच्या वर्मी लागलं. मग याने त्याची बार्ली अडवली, दारू अडवली आणि शेवटी कोळसा. जहाज उत्तर चीनच्या बंदरासमोर पोचलं, तेव्हा तिथे आधीच कोळशाची जहाजं नांगर टाकून उभी होती. हेही त्यांच्यात जाऊन उभं राहिलं. घेणारा माल उतरवून घेईना आणि माझा नाही असंही म्हणेना. विकणारा परत न्यायला तयार नव्हता. जहाजाचा मालक सांगत होता, हुकमाशिवाय तिथून हललात तर करार मोडला. खलाशांना तरी उतरू द्या म्हटलं, तर बंदरवाले साथीकडे बोट दाखवत. सगळ्यांकडे कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण कागदावर अगदी चोख होतं.

किनारा दिसायचा, हेच वाईट. नुसतं पाणी असतं तर माणूस मन मारून राहिला असता. इथे क्रेनचे हात हलताना दिसायचे, इमारती दिसायच्या. थंडीत तिकडच्या गावांत वीज कमी पडतेय, अशी बातमी आली होती. इस्को तेव्हा कठड्याला रेलून ओरडला होता, "अहो, शेकोटी इकडे आहे! न्या की!" ते खोटंही नव्हतं. साठवलेला कोळसा आतल्या आत तापतो. पोटात धग वाढली का, हे रोज तपासावं लागे. कोळशाच्या खणांच्या झाकणांवरून चालताना तेओदुलोच्या चपलांना खालची ऊब कळायची. अंगात मुरलेला ताप घेऊन जहाज जागच्या जागी भरती-ओहोटीबरोबर फिरायचं. सकाळी भटारखान्याच्या खिडकीत किनारा यायचा, दुपारी मोकळा समुद्र, संध्याकाळी पुन्हा किनारा. नांगराच्या साखळीवर कालवं धरली होती.

"मूग कशाला रे?" इस्कोने विचारलं. "उद्या शुक्रवार म्हणून?"

"साधा शुक्रवार आहे का? उद्या गुड फ्रायडे."

इस्कोने फडकं खांद्यावर टाकलं. त्याचा आवाज उतरला. "म्हणजे यंदा तुझं ते..."

"हो," तेओदुलो म्हणाला. "यंदा माझं ते."

त्याचं ते म्हणजे पबासा. मारिंदुके बेटावरच्या त्याच्या गावात पवित्र आठवड्यात ख्रिस्ताच्या यातनांची कथा गाऊन वाचतात. पाच-पाच ओळींच्या ओव्या असतात. एकाने एक गायची, दुसऱ्याने पुढची उचलायची. अंगणात मांडव, मांडवात देवाची मूर्ती, मागच्या बाजूला चुलीवर गाणाऱ्यांसाठी आल्याचा काढा. एकदा सुरू झालेली कथा तुटता कामा नये, हा एकच नियम. गळा बसला तर शेजारचा उचलतो, शेजाऱ्याला पेंग आली तर त्याची बायको उचलते. देवाचं दुःख अर्ध्यावर टाकून उठायचं नसतं.

तेओदुलो पाळण्यात असताना तापाने फणफणला होता. डॉक्टरने हात टेकले होते. त्याच्या आईने, नानाय साबेलने, तेव्हा नवस बोलला: पोर वाचलं तर दरवर्षी माझ्या अंगणात कथा होईल, आणि क्रुसावरून लेक आईचा निरोप घेतो तो भाग आम्ही मायलेक गाऊ. पोर वाचलं. तोंडातून शब्द फुटायला लागले तसं तिने त्याला मांडीवर घेऊन ती चाल शिकवली. मोठेपणी तो जहाजावर लागला, पण ईस्टरनंतर निघायचं आणि पुढच्या पवित्र आठवड्याच्या आत परतायचं, असाच करार तो बघून घ्यायचा. त्यापायी चांगल्या कंपन्या सुटल्या. बायको चिडायची. "तुझ्या आईने नवस बोलला, फेडतेय मी," म्हणायची, आणि मांडवाला लागणारे तांदूळ आधी तीच भिजत घालायची. ती गेली. नवस चालू राहिला.

यंदाचा करार नाताळच्या आधीच संपला होता. तो मात्र इथेच होता.

कंपनीने इंटरनेट तोडून कप्तानाच्या यंत्रावर दोन ओळींचे निरोप तेवढे ठेवले होते. सोमवारी धाकट्या बहिणीचा, एदिताचा निरोप आला: 'नानायने अंथरूण धरलंय. काही खात नाही. दुलो शुक्रवारी गाणार ना, एवढंच विचारते.'

तेओदुलोला वाट एकच दिसत होती. किनाऱ्याच्या जरा जवळ 'मरीना डेल' उभं होतं. तेही कोळशाचं, तेही अडकलेलं. त्याचा मेयर बेर्तिंग इलोइलोकडचा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. रेडिओवरच दोस्ती झाली होती, ताज्या भाजीवाचून आंबट रस्सा कसा करावा यावरून. बेर्तिंगकडे किनाऱ्यावरचं सिमकार्ड होतं, आणि त्याच्या भटारखान्यात भांड्यांच्या फळीशी फोन धरला की घरी लागायचा.

"हातातला रेडिओ घेऊन मी फळीपाशी उभा राहतो," बेर्तिंग म्हणाला होता. "तू बोललास की रेडिओ फोनला लावतो. तुझी आई बोलली की फोन रेडिओला लावतो. मधे मी गप्प. माझ्या बायकोला सांगितलंस तर पटणार नाही तिला."

आता प्रश्न होता तो कप्तानाचा.

कप्तान लागुंबाय संध्याकाळी ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत उभा होता. सुकाणूला काम नव्हतं, तरी तो तिथेच असायचा. तेओदुलोने चहाचा कप ठेवला आणि आपलं मागणं सांगितलं.

"मेयर, रेडिओ म्हणजे काय तुझ्या गावच्या चर्चचा भोंगा आहे?" कप्तान म्हणाला. "बंदरवाले कान लावून बसलेत. खाजगी बोलणं चालत नाही. त्यांना निमित्तच हवंय."

"निमित्त मिळालं-न मिळालं, आपण आहोत तिथेच आहोत की, कप्तान."

कप्तानाला ते लागलं. त्याने कपाकडे पाहिलं, तेओदुलोकडे पाहिलं नाही. "आजवर मी एक नियम मोडलेला नाही. म्हणून अजून कुणी आपल्याला दंड ठोकलेला नाही. जा. भात बघ."

तेओदुलो खाली आला. भात बघितला. भात ठीक होता.

शुक्रवारी सकाळी त्याने डब्यातल्या नारळाच्या दुधात मूग शिजवले. ट्रेमध्ये पाण्यावर उगवलेली पालेभाजी खुडून वरून घातली. त्या दिवशी मांस नाही. कुणाला सांगावं लागलं नाही. इंजिनखोलीतले लोक वर आले, गुपचूप जेवले. दुसरा इंजिनिअर दाढ धरून बसला होता. त्याचे मूग तेओदुलोने घोटून दिले.

"मेयर, गाणार का?" त्याने विचारलं.

"गाईन. इथेच, चुलीपाशी."

"आणि पुढची ओवी कोण उचलणार?"

तेओदुलोने भांडं घासायला घेतलं.

सगळे उठून गेल्यावर दारात पावलं वाजली. कप्तान होता. भटारखान्यात तो कधी येत नसे. त्याचं ताट वर जायचं. तो तांदळाच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "मला वाढ."

त्याने जेवण संपवलं. बोटं चाटली. "चांगले झालेत," म्हणाला. मग म्हणाला, "निरोप आला आज."

तेओदुलोचे हात थांबले. "घरून?"

"नाही रे. मालकाकडून. दोन्ही बाजू बोलतायत. थांबा." कप्तानाने ताट गुडघ्यावर ठेवलं. "दर वेळी तेच. मी खाली येतो, पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. इस्कोला मला घर देता येत नाही. इंजिनिअरच्या दाढेला डॉक्टर देता येत नाही. पोटात डोंगराएवढा कोळसा आहे, तो फुकट देतो म्हटलं तरी कुणी घेणार नाही. सगळं आहे आणि हातात काही नाही, मेयर. एक चॅनल तेवढं आहे. तीनला वर ये."

तेओदुलोने त्याच्या गुडघ्यावरचं ताट उचललं.

"आंघोळ करून ये," कप्तान म्हणाला. "चुलीचा वास येतोय तुला."

तीनच्या सुमारास तेओदुलो धुतलेला सदरा घालून ब्रिजवर उभा राहिला. मागे इस्को, त्याच्या मागे दाढ धरलेला इंजिनिअर, आणखी चार-पाच जण. जहाज फिरून किनारा समोर आला होता. रेडिओचा हातातला तुकडा, वेटोळ्या वायरचा, कप्तानाने स्वतः काढून त्याच्या हातात दिला. "बटण दाबलं की तू. सोडलं की ती. दोघांनी एकदम बोलायचं नाही."

"आमच्याकडे तसंच गातात, कप्तान," तेओदुलो म्हणाला.

बेर्तिंगचा आवाज आला. "आल्टा ब्रीझ, फोन लागलाय. तुझी बहीण आहे." जरा थांबून तो म्हणाला, "तू सुरू कर, म्हणते."

"नानायला उशीशी बसवलंय का?"

खरखर झाली. मग लांबून, पाण्याखालून यावा तसा एदिताचा आवाज आला. थोरल्या भावाला ती कुया म्हणायची. "सगळं तयार आहे, कुया. मांडवात माणसं बसलीत. तू सुरू कर."

तेओदुलोने डोळे मिटले आणि पहिली ओवी घेतली. लेक क्रुसावर आहे, खाली आई उभी आहे, त्याला तिच्याशी बोलायचंय. आवाज सुरुवातीला चाचरला, पण दुसऱ्या ओळीला चालीने त्याला उचललं, जसं तिने लहानपणापासून उचललं होतं. पाचवी ओळ संपली. त्याने बटण सोडलं.

आता आई.

ही चाल त्या गावात सगळ्यांनाच येते, पण नानाय साबेलची ओवी वेगळी ओळखू यायची. तिसरी ओळ लांब आहे. श्वास ओळ संपल्यावर घ्यायचा असतो. नानायला तो पुरायचा नाही. ती ओळीच्या मधेच थांबायची, श्वास घ्यायची आणि उरलेली ओळ अशी उचलायची, की ऐकणाऱ्याला वाटावं हुंदका आला. चर्चच्या गायकवृंदातली एदिता तिला हसायची. "नानाय, ओळ मोडतेस." नानाय म्हणायची, "माझा देव समजून घेतो. तू आपली सरळ गा."

रेडिओतून ओवी आली. पहिली ओळ, दुसरी ओळ. आवाज म्हातारा होता, थरथरता, आईचाच. तिसरी ओळ आली. मधे कुठेही न थांबता ती सरळ शेवटापर्यंत गेली, आणि मग श्वास आला. अगदी जागच्या जागी.

तेओदुलोने डोळे उघडले.

खरखर असेल, त्याला वाटलं. रेडिओने श्वास खाल्ला असेल. त्याने बटण दाबलं, आपली ओवी घेतली आणि पूर्ण केली. बटण सोडलं. पुन्हा तो थरथरता आवाज आला. तिसऱ्या ओळीशी त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला. ओळ मधे थांबली नाही. सरळ गेली. शाळेत शिकवल्यासारखी.

तेव्हा त्याला समजलं.

एदिता त्याच्यासाठी आईचा आवाज काढून गात होती. मांडवात माणसं बसलीत असं ती म्हणाली होती. माणसं खरंच बसली असणार. कशासाठी बसलीत, तेवढं तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर तो थांबला असता, आणि कथा तुटली असती. ज्या पोरासाठी नवस बोलला, त्याच्याच तोंडून तुटली असती. बहिणीने रडू गिळून, दुसऱ्याच्या गळ्याने, ओवी उचलली होती.

"मेयर?" मागून इस्को हळूच म्हणाला. "तुझी पाळी."

त्याचा अंगठा बटणावर होता. दाबून एकच गोष्ट विचारता आली असती. कधी? सकाळी? शेवटी माझं नाव घेतलं का? समोर काचेत किनारा होता, क्रेनचे हात हलत होते, लोखंडाच्या मातीचं जहाज धक्क्याला लागून रिकामं होत होतं. इथून पोहत निघालं तरी धक्क्यावरच्या लोकांनी परत पाठवलं असतं.

त्याने बटण दाबलं आणि पुढची ओवी घेतली.

मधेच रेडिओवर दुसरा आवाज शिरला, कडक आणि तुटक. बंदरवाला होता. हे कोण बोलतंय, चॅनल मोकळं करा. इस्कोने शिवी हासडली. कप्तान दुसऱ्या रेडिओकडे गेला, तो उचलला आणि शांतपणे म्हणाला, "आल्टा ब्रीझ. कप्तान बोलतोय. आमच्याकडे प्रार्थना चालू आहे. आज कामाचं काही बोलणं असेल तर मी इथे आहे." मग तो आवाज, जरासा खाली उतरून, म्हणाला, "लवकर संपवा." कप्तानाने तो रेडिओ जागेवर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला.

कथा पुढे गेली. लेकाने आईला शिष्याच्या हवाली केलं. तहान लागली म्हणाला. अंधार झाला. तेओदुलो गात राहिला, एदिता उचलत राहिली. कुठेतरी मधे त्याच्या ध्यानात आलं, की तिसऱ्या ओळीशी आता तोच मधे थांबतोय, श्वास घेतोय, आणि उरलेली ओळ उचलतोय. त्याने ठरवलं नव्हतं. गळाच तसा वळला. एकदा तो तसा थांबला, आणि पलीकडून येणारी पुढची ओवी जरा उशिरा आली. आली तेव्हा ती म्हातारीच्या आवाजात नव्हती. एदिता आपल्या आवाजात गात होती. तिला कळलं होतं, की त्याला कळलंय. तरी दोघांपैकी कुणी थांबलं नाही.

शेवटची ओवी त्याची होती. ती त्याने सावकाश गायली. लेकाने मान टाकली. कथा संपली.

रेडिओत खरखर होती, आणि त्या खरखरीत बारीक टकटक ऐकू आली, दोन-दोनदा. आजूबाजूच्या अडकलेल्या जहाजांवर कुणी कुणी ऐकत होतं, आणि आपापलं बटण दोनदा दाबून सोडत होतं. इस्कोने टोपी काढून हातात धरली.

तेओदुलोने बटण दाबलं. "एदिता."

"हं, कुया."

"हात उबदार आहे अजून?"

एदिताचा आवाज आला, "थोडा. सूर्य माथ्यावर आला तेव्हा गेली. तू गाशील म्हणाली. कुया, मी..."

"बरं केलंस. सरळ गायलीस. ती ऐकून हसली असती." मग म्हणाला, "हात उचल तिचा. फोनला लाव."

"लावला."

पलीकडे बेर्तिंगने फोन रेडिओला लावून धरला असणार, कारण कुणाच्या कपड्याची सळसळ ऐकू आली. तेओदुलोने मान खाली वाकवली. बोटीवर निघताना, घरी परतल्यावर, दर वेळी अंगणात पाय ठेवताच तो आईचा हात उचलून कपाळाला लावत असे. आता त्याने हातातला तो काळा तुकडा उचलला. वेटोळी वायर पुरेना, ताणली गेली, म्हणून तो आणखी वाकला. तुकडा कपाळाला टेकवला आणि तसाच राहिला.

जहाज फिरू लागलं होतं. काचेतून किनारा हळूहळू बाजूला सरकला, मग दिसेनासा झाला.